खडीसाखर मी खिशात ठेवणार नाही

१२ फेब्रुवारी १९३४
मधुमेहावर इन्शुलिनची सुई सुरू होऊन आज महिना. डॉक्टर म्हणाले, "सुईनंतर अर्ध्या तासात पोटात अन्न हवंच. घाम, थरथर, चिडचिड, जीभ जड झाली, की रक्तातली साखर उतरली समजा. खडीसाखर खिशात ठेवा." हसू दाबलं. जिच्याशी लढाई तीच खिशात? कोर्टात बावीस वर्षं हेडक्लार्क आहे. संयम मला शिकवायला नको. सौ. येसू मात्र एकेक लक्षण दोनदा विचारून घेत होती.

१९ फेब्रुवारी
निश्चय: भात निम्मा. अकराला कोर्टात लिहिताना हात थरथरला. नवा टाक भिकार. घामही फुटला, पंखा ओढणारा पेंगत होता. शिपाई सखारामला फार बोललो. त्याने चहा आणला, चुकून गोड. प्यायलो. लगेच वारा नीट येऊ लागला. बोलल्याशिवाय माणसं कामं करत नाहीत.

२४ फेब्रुवारी
उद्या खाडीपलीकडे पावस गावी मेहुण्याकडे मुंज. बेत: सुई वेळेवर, जेवण थेट तिथे. येसू म्हणाली, "पंगत बसायला दोन वाजतील. चार घास खाऊन निघा." म्हटलं, प्रकृती माझी आहे, मी सांभाळीन.

२७ फेब्रुवारी, अंथरुणातून
परवा भाट्याच्या खाडीत, होडीत मी शांत बसलो होतो, असं मला आठवतं. येसू म्हणते, मी घामाने निथळत उभा राहिलो आणि नावाडी रावजीला कोर्टात हजर व्हायचा हुकूम सोडला. जीभ अडखळत होती. रावजी म्हणाला, "भाऊसायब, सकालीच घेतलीव काय?" सगळी होडी हसली.
येसू ओरडली, "प्यायलेले नाहीत! साखर उतरलीय! धरा त्यांना, पाण्यात पडतील!"
रावजीने मागून आवळलं. येसूने पदराच्या गाठीतला गूळ तांब्यातल्या पाण्यात कालवला. मी दोनदा झिडकारला. एकदा तिच्या बोटाला चावलो म्हणे. ती घोट घोट पाजत राहिली. "गिळा हो, गिळा." एवढं मात्र मला आठवतं. आवाज फाटला होता तिचा.

२८ फेब्रुवारी
डॉक्टर आले. दोष माझा नसून मुहूर्ताचा, हे समजावायची तयारी केली होती. ते येसूशीच बोलत बसले. सुईचं माप, जेवणाची वेळ, सगळं तिच्या हाती. मी जोरात हरकत घेतली. दोघं चपापले. येसूने माझं कपाळ चाचपलं.
"घाम?" डॉक्टरांनी विचारलं.
"नाही."
"थरथर?"
"तीही नाही. ही चिडचिड त्यांची रोजचीच," येसू म्हणाली, आणि दोघं पुन्हा बोलू लागले.