शाबूत कुलूप

१४ जून, रविवार सकाळ

प्रिय खटपट्या,

अनेक आशीर्वाद. जेवतोस का, झोपतोस का, हे विचारत नाही; कोठडीतलं जेवण कसं असतं ते मला ठाऊक आहे. इकडे सगळे ठीक. तुझ्या भाचीचे पुढचे दोन दात पडलेत आणि ते दाखवायला ती दिवसभर तोंड उघडं ठेवून फिरते.

तीन वर्षांनी लिहितेय. बडे सर हे पत्र तुझ्या हातात देतील. आधी कामाचं लिहिते, नीट वाच.

तुझ्यावर दोन कलमं लावलीत, घरफोडी आणि चोरी. नावं ऐकून गर्भगळीत होऊ नकोस. त्या घरात तू शिरलास, चोरायच्याच इराद्याने शिरलास आणि डॉक्टरीणबाईंचा कॅमेरा तूच उचललास, हे सगळं त्यांना सिद्ध करायचंय. तुला काहीही सिद्ध करायचं नाहीये.

आणि त्यांच्याकडे आहे काय? कुलपावर तुझे ठसे. अरे, ते कुलूप चार महिन्यांपूर्वी तूच बसवलंस, ठसे नसते तरच नवल! त्याची पावती दुकानात आहे, बडे सर ती कोर्टात देतील. मग तुझ्या पिशवीतल्या तारा आणि आकडे. सुताराकडे करवत सापडली म्हणून कोणी त्याला धरून नेत नाही. राहिलं फौजदारसाहेबांचं लाडकं वाक्य, “कुलूप शाबूत आहे, म्हणजे कुलूपवाल्याचंच काम.” ज्याला जमतं त्यानेच केलं, असं कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही. हे मी माझ्या अशिलांसाठी कोर्टात घसा बसेपर्यंत सांगितलंय.

तू फक्त गप्प बस. समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून ‘हो’ म्हणून मोकळं व्हायची तुझी खोड मला माहीत आहे. तिथे ती चालणार नाही. गोड बोलून म्हणतील, “सही कर, संध्याकाळी घरी जाशील.” तू म्हणायचं, “माझ्या वकिलांसमोर बोलेन.” एवढंच, आणि पुन्हा एवढंच.

तुझे वकील बडे सर आहेत, मी नाही. रुसू नकोस. मी तुझी केस घेऊन त्यांच्याकडे गेले, सगळं सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, “बाई, एक काय ते ठरवा. कोट घालून उभ्या राहणार, की साक्षीदाराच्या पिंजऱ्यात?”

मी म्हणाले, पिंजऱ्यात. का, ते लिहायचं मघापासून टाळतेय.

आधी बांगड्यांचं. तीन वर्षांपूर्वी आईच्या कपाटातून तिच्या बांगड्या गेल्या, कुलूप शाबूत होतं, आणि मी सगळ्यांदेखत तुझं नाव घेतलं. फौजदाराचंच वाक्य, माझ्या तोंडून. त्या बांगड्या कुठे गेल्या ते मला आजही माहीत नाही. पण अनोळखी अशिलाला मी संशयाचा जो फायदा मागते, तो सख्ख्या भावाला दिला नाही. मी चुकले रे.

आता कॅमेरा गेला त्या मंगळवार दुपारचं. पहिल्याच दिवशी तू सांगून बसलास, “तीन ते साडेचार ताईच्या दारात होतो, पण घरी कोणी नव्हतं.” त्यावर पोलीस हसले म्हणे.

मी घरी होते.

बेल वाजली. मी दाराच्या भिंगातून पाहिलं आणि कडीवर हात ठेवून उभी राहिले. तू पायरीवर बसलास. एकदा बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधलीस. माझं घड्याळ समोरच्या भिंतीवर आहे, मी सारखी त्याच्याकडे बघत होते, हा कधी जातो म्हणून. पिशवी तुझ्या मांडीवर होती आणि माझं कुलूप म्हणजे तुला दोन मिनिटांचं काम. तू त्याला हातही लावला नाहीस. तेलाची बाटली काढलीस, जाळीच्या दाराच्या करकरणाऱ्या बिजागरीत तेल सोडलंस, फडक्याने पुसलंस आणि साडेचारला निघून गेलास. मी आतल्या बाजूला रडत होते, तरी कडी काढली नाही.

काल हे सगळं जबाबात लिहून दिलं. सरकारी वकील विचारणारच, “भाऊ दारात होता, मग दार का उघडलं नाही?” मी सांगणार, पुरावा नसताना मी त्याला चोर ठरवलं होतं म्हणून. बडे सरांनी कपाळाला हात लावला. बांगड्यांचा विषय उलटेल म्हणाले. पण शपथेवर मी दुसरं उत्तर देणार नाही. आणि भावाला वाचवायला खोटं बोलणारी बहीण स्वतःची अशी अब्रू काढत नाही, हे न्यायाधीशांना कळतं. इतकी वर्षं साक्षीदार तपासतेय, मला खात्री आहे. तू सुटणार.

उद्या जामिनाचा अर्ज आहे. सुटलास की दुकानात जाऊ नकोस, सरळ इकडे ये. जाळीचं दार आता अजिबात वाजत नाही, त्यामुळे आलेलं कळणार नाही. तेव्हा बेल वाजव.

तुझी साक्षीदार,
ताई