येणाऱ्यांनी निदान आदल्या दिवशी नाव कळवावे

ट्रेगॅरिक, कॉर्नवॉल
ईस्टरनंतरचा दुसरा मंगळवार, १७४७

तीर्थरूप मामांच्या चरणी भाचा थिओफिलस याचा सविनय नमस्कार. उजव्या चरणाची सूज उतरल्याचे मामींनी कळवले आहे, त्यामुळे या खेपेस नमस्कार निर्धास्तपणे करतो. मागच्या पत्रात तो थोडा दुरूनच केला होता. एक्झिटरची हवा आपणांस मानवत असेल, तेथील मेजवान्या मानवत नसल्या तरी. लव्हडे (माझी बहीण, आणि या घरातील माझ्यावरची अधिकारी) आपली रोज आठवण काढते. माझे मागील पत्र त्यातील ग्रीक स्वरचिन्हे दुरुस्त करून आपण परत पाठवलेत, त्याबद्दल ऋणी आहे. त्यांपैकी एक मुळातच बरोबर होते. पण ज्यांनी मला ग्रीक शिकवले त्यांच्याशी वाद घालण्याचे माझे वय नाही, आणि आज विषयही तो नाही.

गेल्या शरद ऋतूपासून आमच्या गावात मेथडिस्टांचा शिरकाव झाला आहे. त्यांची नालस्ती आपल्या कानी आली असेलच. उघड्या माळावर प्रवचने करतात, रडतात, गळा काढून गातात, आणि प्रार्थना, उपवास, आत्मपरीक्षण हे सगळे ठरल्या वेळी, ठरल्या पद्धतीने करतात. म्हणून लोकांनी त्यांना ‘पद्धतवाले’ असे नाव ठेवले. (पद्धत पाळणे ही शिवी व्हावी! आपल्या हाताखाली शिकलेल्या मनुष्याने यावर काय बोलावे?) आमच्याकडचा त्यांचा उपदेशक पूर्वी पेन्झान्सला टोप्या करीत असे. त्याचे एक प्रवचन मी कुंपणाआड उभे राहून ऐकले. त्याचा एका वाक्यातला कर्ता हरवला, तो शेवटपर्यंत सापडला नाही, आणि तरीही कथलाच्या खाणीतले ते आडदांड गडी लहान मुलांसारखे रडत होते. माझ्या प्रवचनात प्रत्येक वाक्याला कर्ता असतो. ते ऐकून कोणी रडल्याचे मला स्मरत नाही. आमचे जमीनदार सर डिगरी नॅनकॅरो मात्र नियमाने घोरतात, आणि मी विराम घेतो तेव्हा तेही घेतात.

या लोकांनी माझे चर्च ओस पाडले, असा आपला समज होईल. तसे झाले असते तर हे पत्र लिहावे लागले नसते. या टोपीवाल्याने आपल्या श्रोत्यांना बजावले, की आपण कोणी निराळी मंडळी नव्हे, प्रभुभोजन घ्यायचे ते आपापल्या चर्चमध्ये, आपल्याच पाद्रीबुवांच्या हातून. आणि ते ऐकून अख्खी खाण माझ्या वेदीपुढे गुडघे टेकायला आली. पूर्वी प्रभुभोजनाला सर डिगरी, त्यांची पत्नी, लव्हडे आणि बहिरा घंटावाला एवढी मंडळी असे, आणि उपासना कशी नेटकी पार पडे. आता रांग दाराबाहेर जाते. अंगाला खाणीतल्या चरबीच्या मेणबत्त्यांचा वास, गुडघ्यांना लाल चिखल, आणि ‘आमेन’ अशा आवाजात, की छतावरचे कावळे उठून समुद्रावर जातात.

सर डिगरींना हे खपले नाही. ते खाणीचे मालक, येथील मॅजिस्ट्रेट, आणि (हा तपशील आपण कृपया लक्षात घ्यावा) लॅनमेरिनचा पाद्री नेमण्याचा अधिकार त्यांचाच. लॅनमेरिनच्या घरात पुस्तकांसाठी वेगळी दक्षिणाभिमुख खोली आहे, आणि त्या गावात खाण नाही. तेथील वृद्ध पाद्री नाताळात वारले (ईश्वर त्यांना शांती देवो, वेळ त्यांनी उत्तम साधली), आणि ती जागा मला देण्याचा शब्द सर डिगरींनी दिला होता. पुढे एकदा बायकोच्या झग्याला चिखल लागला तेव्हा ते दारातच म्हणाले, “पाद्रीबुवा, हा बाजार आवरा. ईस्टरला माझ्या मांडीला मांडी लावून खाणकामगार बसला, तर लॅनमेरिन विसरा.”

मारामारी, शिवीगाळ, भाडोत्री दारुड्यांकडून सभा उधळणे हे उपाय शेजारचे पाद्री करतात. मला ते अशुद्ध वाटतात. मी प्रार्थनेच्या पुस्तकाकडे वळलो, आणि तेथे, जी बारीक अक्षरे कोणी वाचत नाही त्यांत, मला हवे ते सापडले: प्रभुभोजन घेऊ इच्छिणाऱ्यांनी निदान आदल्या दिवशी आपले नाव पाद्रीला कळवावे. हा नियम कॉर्नवॉलात कोणी पाळल्याचे जिवंत माणसाला आठवत नाही. आठवडाभर खाणीत राबणारी माणसे शनिवारी दोन डोंगर ओलांडून नाव सांगायला येणार नाहीत, हा माझा हिशोब. व्यासपीठावरून मी नियम जाहीर केला: अपवाद नाही, सबब नाही. सर डिगरी त्या दिवशी जागे होते. बाहेर पडताना माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “वा बुवा! एक दगड न मारता कुत्री हाकललीत!” लव्हडेने घरी येऊन एवढेच विचारले, “दादा, तू त्या लोकांना ओळखतोस का रे?” मी म्हणालो, प्रश्न ओळखीचा नसून नियमाचा आहे. ती म्हणाली, “मग ओळखत नाहीस.”

ईस्टरच्या आदल्या दिवशी न्याहारी करीत असता मला फाटकापाशी खोकल्याचा आवाज आला. खिडकीतून पाहिले, तर फाटकापासून थेट गिरणीच्या वळणापर्यंत माणसे उभी, तीही ओळीत, टोप्या हातात धरून. (पद्धतवाल्यांना मी पद्धत दिली होती, मामा. भुकेल्याला जेवणाचा नियम घालून द्यावा, तसे ते झाले.) पुढे पॅस्को अँग्विन, खाणीतला मुकादम. म्हणाला, “बुवा, रात्रपाळी करून सरळ इकडंच आलो. नाव नुसतं सांगायचं का आडनावासकट?” त्याच्यामागे जेनेफर ट्रेंबाथ, मासे विकणारी म्हातारी, पाठीवरच्या टोपलीसकट. मी नाव विचारले. ती म्हणाली, “आता माझं नाव मी तुम्हाला सांगू? दर शुक्रवारी माझ्याकडनं मासळी घेता, घासाघीस करता, आणि नाव माहीत नाही होय? बरं, लिहा. जेनेफर. ‘न’ एकच, जोडून दोन नाहीत.” ओळीत हशा पिकला. मी म्हणालो, लिहिण्याची अट नाही, ऐकण्याची आहे. “मग ऐका हो नीट,” म्हातारी म्हणाली, “मी परत दोन डोंगर चढायची नाही.” दुपारपर्यंत मी ऐकत होतो. दरम्यान लव्हडेने स्वयंपाकघर उघडून सगळ्यांना मनुका घातलेला केक वाटला, आणि शेवटी एप्रनला हात पुसत, माझ्याकडे न पाहता, ओळीच्या टोकाला जाऊन उभी राहिली. तिचेही नाव मी ऐकले.

ईस्टरच्या सकाळी प्रथेप्रमाणे सर डिगरी आणि लेडी नॅनकॅरो सर्वांच्या आधी वेदीपुढे आले आणि त्यांनी गुडघे टेकले. तेव्हा मला जाणवले, की त्यांनी नाव कळवलेले नाही. सर्व गोष्टींचा विचार करणारा मी, या गोष्टीचा विचार मी केला नव्हता. माझ्या हातात प्रभुभोजनाच्या भाकरीचे ताट होते, मागे सबंध खाण डोळे विस्फारून पाहत होती, आणि मनात लॅनमेरिनची दक्षिणाभिमुख खोली उजळून निघाली होती. मी त्यांना काही न देता पुढे सरकलो. सर डिगरी दबक्या आवाजात (म्हणजे घंटावाल्यालाही ऐकू जाईल अशा) म्हणाले, “अहो, मला नावासाठी अडवता? तुम्हाला ते माहीत नाही?” मी म्हणालो, “माहीत आहे, सर. कळवलेले नाही.” “या चिखलवाल्यांना द्याल आणि मला नाही?” “त्यांनी कळवले आहे.” त्यानंतर ते उठले. उठताना त्यांचे गुडघे वाजले, तो आवाज त्या शांततेत फार मोठा वाटला. लेडी नॅनकॅरो क्षणभर तशाच राहिल्या, मग त्याही गेल्या. त्यांच्या मोकळ्या जागी पॅस्कोने गुडघे टेकले.

पुढचे थोडक्यात सांगतो. पुढील बुधवारी सर डिगरींनी बिअर पाजून आणलेला जमाव टोपीवाल्याची सभा उधळायला माळावर गेला. तो तेथे नव्हता, म्हणून जमाव परत फिरला आणि त्याने माझ्या खिडक्या फोडल्या. “पद्धतवाला! पद्धतवाला!” अशा आरोळ्या देत होते. मी बाहेर जाऊन शब्दाचा अर्थ समजावून सांगितला, मूळ ग्रीक व्युत्पत्तीसह. त्यामुळे दगड वाढले. शेजारच्या गावांचे पाद्री आता मला रस्त्यात नमस्कार करीत नाहीत, आणि खाणीवरची माणसे फार वाकून करतात. दोन्ही गोष्टी मला सारख्याच अप्रिय आहेत. मी या पंथाचा नाही, मामा, होणारही नाही. ज्या पंथात वाक्याचा कर्ता हरवतो तेथे माझे जमायचे नाही. मी फक्त छापलेले वाचले आणि छापल्याप्रमाणे केले. मामींना नमस्कार, आपल्या पायाला थंडी लागू देऊ नये, आणि या पत्रातील चुका काढल्यास त्या परत न पाठवता तेथेच ठेवाव्यात.

आपला आज्ञाधारक भाचा,
थिओफिलस ट्रेनॅव

ता. क. लॅनमेरिन सर डिगरींच्या पुतण्याला मिळाले. तो कोल्ह्यांची शिकार उत्तम करतो असे ऐकतो. याविषयी मला काही म्हणावयाचे नाही, म्हणून ताज्या कलमात लिहिले.

ता. क. दुसरा. लिहिण्याचे खरे कारण राहूनच गेले. पेन्टेकॉस्टच्या सणाला पुन्हा प्रभुभोजन आहे आणि द्राक्षारस नाही. चर्चचा कारभारी सर डिगरींचे कूळ. तो म्हणतो, एक थेंबही देणार नाही. या किनाऱ्यावर द्राक्षारस हवा तेवढा मिळतो, पण तो सगळा फ्रान्सहून रात्रीच्या होड्यांतून, जकात चुकवून आलेला. मी तो वेदीवर ठेवणार नाही. आणि पॅस्को सांगतो, की त्याच्या लोकांनाही चोरटा माल वर्ज्य आहे. (या एका मुद्द्यावर आमचे एकमत आहे, हे मी त्याला कळू दिले नाही.) तेव्हा आपल्या तळघरातील जकात भरलेल्या मालापैकी एक लहान पिंप टपालगाडीने पाठवण्याची कृपा व्हावी.

ता. क. तिसरा. पत्र बंद करीत होतो, इतक्यात स्वयंपाकघराच्या दाराने लेडी नॅनकॅरो आल्या. “ऑनर नॅनकॅरो,” असे म्हणून, हात जोडून उभ्या राहिल्या. मी म्हणालो, पेन्टेकॉस्टला अवकाश आहे. त्या म्हणाल्या, “निदान आदल्या दिवशी असं आहे ना? मग आधी चालतं. साहेब आज ट्रुरोला गेलेत.” नियमात ‘निदान’ आहे खरे. मी नाव ऐकले. जाता जाता थांबून म्हणाल्या, “द्राक्षारस आमच्या तळघरातला नाही ना? तिथला सगळा रात्रीच्या होडीनं येतो. नाही ना? मग येते.” त्या बाजूला झाल्या, तेव्हा त्यांच्यामागे त्यांची स्वयंपाकीण, दूध काढणाऱ्या दोघी, धोबीण आणि गाडीवान ओळीत उभे असलेले दिसले. वाड्यावर आता सर डिगरींखेरीज कोणी उरले नसावे.

पिंप मोठे पाठवावे.