सहावा ठिपका

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, अविवाहित, संग्रहालयाच्या कीटक विभागातली निवृत्त चित्रकार, घड्याळवाल्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहणारी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही, आणि असते तरी मी ते जुमानले नसते, याची खात्री माझ्या जुन्या साहेबांकडून करून घ्यावी. स्मरणशक्तीचा पुरावा दुसऱ्या कलमात दिला आहे. यापूर्वीचे माझे मृत्युपत्र रागाच्या भरात लिहिलेले होते. ते रद्द समजावे.

१. दोन्ही खोल्या, बँकेतली शिल्लक आणि कपाटातले सगळे काही माझ्या धाकट्या बहिणीला मिळावे. खिडकीतल्या कुंड्याही तिच्याच. सर्वांत डावीकडच्या झाडाची पाने कुरतडलेली दिसली तर औषध मारू नये. ती पाने कुरतडण्यासाठीच आहेत.

२. पलंगाखालच्या सपाट पेटीत एक चित्र आहे. माझी खरी मालमत्ता तेवढीच. फुलपाखरू तळहाताएवढे. पुढचे पंख मखमली काळे, मधून निळा-हिरवा पट्टा, टोकाशी तिरकी पांढरी रेघ. तो निळा रंग रंगाचा नाही, खवल्यांवर पडणाऱ्या उजेडाचा आहे. पंख जरा कलला की विझतो. तो कागदावर आणायला मी काळ्यावर निळ्याचे अकरा पातळ हात दिले. पंख मिटले की खालची बाजू वाळक्या पानाची, आणि मागच्या पंखाच्या कडेने डोळ्यांसारख्या ठिपक्यांची ओळ. पहिल्या पाचांना पिवळे कडे, आत काळे बुबुळ, बुबुळात पांढरा कण. सहावा अगदी कोपऱ्यात, मोहरीएवढा, कडे नसलेला. हे सगळे मी पेटी न उघडता लिहिले आहे.

हे चित्र संग्रहालयाला द्यावे. अट सहाव्या कलमात.

३. हे कलम काही देण्यासाठी नाही. ते सांगितल्याशिवाय पुढची कलमे कळणार नाहीत, म्हणून वकीलबाई नको म्हणत असतानाही लिहीत आहे.

त्या डावीकडच्या कुंडीत सत्तावीस वर्षांपूर्वी कोश लागला. एका सकाळी तो फुटला. दिवस ढगाळ होता, म्हणून फुलपाखरू दुपारपर्यंत पंख मिटून फांदीवर बसून राहिले आणि मी समोर स्टुलावर, कागद घेऊन. जेवायलासुद्धा उठले नाही. धाकटी मागे उभी राहून बोट न लावता ठिपके मोजत होती. मग ऊन पडले, पंख उघडले, पट्टा पेटला. निळा रंग डोळ्यांत भरून घेतला आणि मी खिडकी उघडली. टाचणी लावून त्याचा नमुना करणे माझ्याच्याने झाले नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी चित्र पाहिले. ते तेव्हा मुख्य संग्रहपाल होते आणि या जातीवर त्यांचे पुस्तक छापायला चालले होते. त्यांच्या खणातल्या नमुन्याला पाचच ठिपके होते.

“नमुना कुठाय?”

“उडून गेला.”

“मग पुरावा काय? बाई, तुम्ही सहावा खोडा, मी चित्र छापतो.”

“आणि पंखावरचा कोण खोडणार?”

चित्र छापले नाही. दुसऱ्याकडून पाच ठिपक्यांचे काढून घेतले आणि मला चिठ्ठ्या लिहिण्याच्या टेबलावर बसवले. निवृत्त होईपर्यंत सात वर्षे मी खणांतल्या मेलेल्या किड्यांची नावे बारीक अक्षरात लिहिली. अक्षर सुधारले, स्वभाव नाही. घरी आले की धाकटी विचारायची, “काय गं, तुझ्या साहेबांना पाचाच्या पुढे येत नाही का?” त्या दिवसांत मी तिच्या त्या एका वाक्यावर तगले.

४. आमच्या खात्यात एक जुनी खोड होती. मुंग्यांनी नमुन्याचे पंख खाल्ले की तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या फुलपाखराचे पंख डिंकाने चिकटवायचे आणि चिठ्ठीवर तशी नोंद करायची. पंख चिकटत, नोंद राहून जाई. गेल्या वर्षी नव्या संग्रहपालबाईंनी साहेबांच्या खणातला तो जुना नमुना पुन्हा नीट मांडण्यासाठी ओल्या डब्यात मऊ करायला ठेवला. सकाळी झाकण उघडले तर मागचे दोन्ही पंख गळून पडलेले, आणि मुळाशी डिंक!

त्यांनी लगेच फोन केला. “ताई, पाच ठिपके भलत्याच फुलपाखराचे होते हो!”

मग त्यांनी त्याच जातीचे चार कोश वाढवले. चारही फुलपाखरांना प्रत्येक मागच्या पंखावर सहा-सहा ठिपके. ऐकले तेव्हा मी घड्याळवाल्यांच्या दुकानात उतरून सगळ्या गिऱ्हाइकांना सांगितले. कोणाला काही कळले नाही, पण सगळ्यांनी अभिनंदन केले. मी जिंकले आहे आणि मला त्याचा अतोनात आनंद झाला आहे, हे इथे नोंदवून ठेवते.

५. माझे ब्रश ज्याला हवे त्याने घ्यावेत. तीन केसांचा ब्रश मात्र माझ्याबरोबर जाईल. सहावा ठिपका त्याने काढला आहे.

६. चित्राची अट: पुस्तकाच्या नव्या आवृत्तीत ते पूर्ण पानावर छापावे, खाली माझे नाव असावे, आणि संग्रहालयात ते लावताना शेजारी तो डिंकाचा नमुना गळालेल्या पंखांसकट ठेवावा. कोणाला हिणवण्यासाठी नाही. बरे, थोडे हिणवण्यासाठी.

७. ~~माझे भिंग साहेबांना द्यावे, म्हणजे त्यांना मोजता येईल.~~

हे कलम आज खोडावे लागले, त्याचे कारण लिहिते. मी साक्षीसाठी घड्याळवाल्यांना आणि नव्या संग्रहपालबाईंना बोलावले होते. बाईंबरोबर साहेब आले. वय चौऱ्याऐंशी, हातात काठी. बसायच्या आधीच म्हणाले, “चित्र बघू.”

धाकटीने पेटी काढली. मी भिंग दिले. त्यांचा दुसरा हात काठीवर होता, म्हणून मी कागद धरला. बराच वेळ ते कडेवरून भिंग सरकवत राहिले.

“सहा,” ते म्हणाले.

“मोठ्यानं बोला. धाकटीला कमी ऐकू येतं.”

“सहा आहेत! आणि बाई, तेव्हाही सहाच होते. मी खणात बघितलं, खिडकीत बघायला आलो नाही.”

हे वाक्य तोंडावर कसे घ्यायचे याची मी सत्तावीस वर्षे तयारी केली होती. ऐन वेळी मी नुसते चहाचे विचारले.

मग ते म्हणाले, साक्षीदार म्हणून सही मी करतो. टेबलाशी बसलेल्या वकीलबाईंनी कायदा सांगितला: मृत्युपत्रात ज्याला काही मिळते, त्याने साक्ष देऊ नये. भिंग नाहीतर सही, एकच काहीतरी. साहेबांनी भिंग पुसून टेबलावर ठेवले आणि पेन मागितले. भिंग आता संग्रहपालबाईंना मिळावे; त्यांनी साक्षीची जागा सोडली आहे.

सातवे कलम मी स्वतः, राजीखुशीने खोडले आहे.

स्थळ: वरची खोली, खिडकीजवळचे टेबल
तारीख: कोश फुटला तीच, सत्तावीस वर्षांनंतर
सही: मृत्युपत्र करणारी, चित्रकार

साक्षीदार पहिले: सही माझ्यासमोर झाली. बाईंचा हात माझ्या हातापेक्षा स्थिर आहे.
— खालचे घड्याळवाले

साक्षीदार दुसरे: सही माझ्यासमोर झाली. चित्रातल्या मागच्या पंखावर सहा ठिपके आहेत. मी दोनदा मोजले.
— निवृत्त मुख्य संग्रहपाल