पालथं ताट

सोमवार, १० नोव्हेंबर

एकदाचा आलो! इस्रायलमध्ये अश्दोदला एफ्रातला फोन लावला आणि सांगितलं, तुझा बाप बासष्टाव्या वर्षी पुन्हा नोकरीला लागला. लेक आधी हसली, मग रागावली, आणि शेवटी नेहमीचा प्रश्न विचारलाच, की तिथे तुम्हाला जेवायला कोण घालणार. म्हटलं, अगं, एवढी पोरं दोन वेळा जेवतात तिथे एक म्हातारा उपाशी राहील होय?

ठाण्याचं घर बंद केलं. बायको बथशेबा वारल्यापासून त्या घरात माझा जीव रमत नव्हता, आणि इस्रायलला जाऊन नातवंडांची हिब्रू ऐकत बसायची एवढ्यात तयारी नाही. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, तेव्हा मुलांच्या वसतिगृहाचा गृहपाल व्हायला काय हरकत आहे? पनवेल मला नवं नाही, लहानपणी सणाला इथल्या सिनेगॉगमध्ये यायचो. वसतिगृह उरण नाक्याच्या मागे आहे, जुनी पण भक्कम इमारत, पुढे बदामाचं झाड.

खोलीच्या चौकटीवर मेझुझा ठोकत होतो तेव्हा पोरांचा घोळका जमला. हे काय म्हणून विचारलं. सांगितलं, आम्ही बेने इस्राएल लोक दाराला देवाचं वचन लावतो, ते या डबीत आहे. एकाने गंभीरपणे विचारलं, की सर, याला सेल लागतो का? हा इंद्रजीत, पाचवीतला. कान कपाच्या कानासारखे बाहेर आलेले. मला पोरगं आवडलं.

बुधवार, १२ नोव्हेंबर

ट्रस्टचे चिटणीस कमलाकर देवस्थळी यांनी नियम एका दमात म्हणून दाखवले. साडेपाचला घंटा. अंघोळ, प्रार्थना, दूध, शाळा. मोबाइल बंदी. घरचा खाऊ सामाईक कपाटात. शनिवारी नखं, रविवारी डोक्याला तेल आणि आईबापांशी फोन. नव्या विमानतळाची चाचणीची विमानं बघायला गच्चीवर जायचं नाही, हा यंदाचा ताजा नियम. आणि पंगतीत ताट वाजवायचं नाही.

हा शेवटचा नियम इंद्रजीत रोज मोडतो. वाढप त्याच्यापर्यंत पोचेस्तोवर चमच्याने ताटाच्या काठावर टक-टक, टक. दोन जलद, एक सावकाश. मी डोळे वटारले की थांबतो आणि गोड हसतो.

मी माझेही दोन नियम घातले. थंडीत लहानांना कढत पाणी, आणि बुधवारीसुद्धा फोन. देवस्थळींनी नाक मुरडलं, पण त्यांचं नाक तसंही मुरडलेलंच असतं. इंद्रजीतची आई आभाताई कामोठ्याला नर्स आहेत. नवरा नाही, हे एकच मूल. आजच्या फोनवर त्यांनी मला विनंती केली, की त्याच्या दुधावरची साय तेवढी काढा, त्याला उलटी होते. म्हटलं, ताई, आता ती साय माझी.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

दिवे लावायच्या आत लिहून घेतो, शब्बाथला, शुक्रवारच्या दिवेलागणीपासून शनिवारभर, मी लेखणी धरत नाही.

इथली एक रीत मला खटकते. शेवटच्या पंगतीत, मागच्या दाराजवळ, गोदूबाई रोज एक जादा ताट मांडतात, आणि ते पालथं. कोणी बसत नाही, कोणी वाढत नाही, आणि जेवणं होईपर्यंत मागच्या दाराला कडी. फलकावर हा नियम नाही, पण सगळे पाळतात. गोदूबाई स्वयंपाकीण, बेलपाड्याहून येतात. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "पयल्यापासून असाच हाय, सर. कशाला ते आमाला नाय म्हायत." देवस्थळी म्हणाले, जुनी पद्धत आहे, तुम्ही नका डोकं घालू.

आता आमच्या घरात पेसाखच्या सणाच्या रात्री एलियाहू नबीसाठी प्याला भरून ठेवतात आणि दार उघडं टाकतात. रिकाम्या जागेची मला भीती नाही, सवय आहे. पण पाहुण्याची जागा राखायची आणि ताट पालथं घालायचं? हा तर पाहुण्याचा अपमान झाला. मुलांनी यातून काय शिकायचं?

रविवार, १६ नोव्हेंबर

आज मी ते ताट सुलटं केलं.

रविवारचा शिरा होता. माझ्या हाताने वाढला, वरण-भात वाढला, मागचं दार उघडलं आणि लहानपणी वडील पाहुण्याला म्हणायचे तसं मोठ्याने म्हटलं, बारूख हबा, या, बसा, जेवा. पोरांचे घास हातात राहिले. गोदूबाई परात तशीच धरून उभ्या. शेजारी इंद्रजीत होता, पंगतीतला शेवटचा. तो खुदकन हसला आणि त्याने आपला पापड त्या ताटात सरकवला.

काही झालं नाही. थोडा वारा आत आला. जेवणं झाल्यावर पाहिलं, तर ताट चाटूनपुसून लख्ख. पोरांपैकीच कोणीतरी हात मारला असणार. मला बरं वाटलं.

सोमवार, १७ नोव्हेंबर

सकाळी दुधाच्या रांगेत एक अनोळखी मुलगा होता. हाडकुळा, कोरड्या ओठांचा. अंगात इंद्रजीतचा निळा स्वेटर. नाव विचारलं तर म्हणाला कुंदन. पोरं हसली, की सर, कुंदनला विसरलात? तो जूनपासून आहे! तीन पेले दूध प्यायला आणि पेल्यात बोट फिरवून बोट चोखत राहिला.

इंद्रजीत कुठे म्हणून विचारलं. कोण इंद्रजीत, असं त्यांनी विचारलं.

आधी मला ती चेष्टा वाटली. पण त्याच्या खाटेवर कुंदनची वळकटी आहे. पेटीवर कुंदनचं नाव. देवस्थळी म्हणाले, या नावाचा मुलगा आपल्याकडे कधीच नव्हता, चेऊलकर, प्रवासाचा शीण असेल. मी नवीन माणूस, मीच चुकत असेन का? पण त्या दुधावरची साय मी या हाताने काढली आहे.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

आभाताईंना फोन केला. इंद्रजीत तिकडे आलाय का, विचारलं. त्या म्हणाल्या, मला मूल नाही, सर, तुमचा नंबर चुकला. मी माफी मागितली. त्या फोन ठेवेनात. मग त्यांनी विचारलं, केवढा आहे तो?

मी रडलो. त्याही का रडल्या, ते त्यांना सांगता येईना.

गुरुवार, २० नोव्हेंबर

पोलिसांत जाऊन आलो. फोटो मागितला. वसतिगृहाच्या ग्रुप फोटोत त्याच्या जागी कुंदन उभा आहे.

ताट पुन्हा पालथं. गोदूबाईंनी परवापासूनच तसं मांडलं, मीही अडवलं नाही. आज पंगत बसली आणि मला आवाज आला. टक-टक, टक. दोन जलद, एक सावकाश. मी पोरांवर ओरडलो. कोणाच्याच हातात चमचा नव्हता.

आवाज पालथ्या ताटाच्या खालून येत होता. स्टीलचा काठ थरथरत होता. पोरं जेवत होती. कोणाला ऐकू येत नाही, फक्त मला. ज्याने वाढलं त्यालाच ऐकू येत असेल.

सोमवार, २४ नोव्हेंबर

दोन्ही वेळेला. टक-टक, टक. मी जेवण तसंच टाकून उठतो. आज पोरं शाळेत गेल्यावर त्या जागेपाशी बसलो आणि हाक मारली, बाळा, तू आहेस का. ताटाखालून एकदाच वाजलं, अगदी हळू. देवा, तो तिथेच आहे. उपाशी आहे. आठ दिवस झाले.

भाकरी ताटावर ठेवली. तशीच राहिली. पालथ्या ताटावर ठेवलेलं त्याला पोचत नाही.

आता कळतंय. ही जागा कधी रिकामी नसते. ताट सुलटं करून बोलावलं की तिथला आत येतो आणि शेजारी बसलेला तिथे जातो. कोणाला तरी हे एकेकाळी माहीत होतं, म्हणून ताट पालथं. कारण विसरलं, रीत राहिली. आणि मी शहाणा. मी दार उघडून या म्हटलं.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

उपाय सोपा आहे. कुंदनला शेवटी बसवायचं, ताट सुलटं करायचं. आज बसवलंही. हात ताटाला लावला.

त्याने माझं बोट धरलं आणि विचारलं, "सर, अजून एक भाकरी मिळेल का?" असं विचारलं, जणू मिळणार नाही याची त्याला खात्रीच आहे. किती वर्षं तिथे होता पोरगा? कोणाचा? त्यालाही आई असेल, म्हातारी, मूल नाही असं सांगणारी.

मला जमलं नाही. त्याला दोन भाकऱ्या वाढल्या. शेजारी ताट वाजत होतं.

बुधवार, ३ डिसेंबर

आवाज क्षीण झालाय. टक-टक. तिसरा ठोका येत नाही.

शुक्रवार, ५ डिसेंबर

एफ्रातचा फोन. नातवंडांशी बोललो. ती म्हणाली, बाबा, आवाज का असा, जेवता ना वेळेवर? म्हटलं, जेवतो. तिला आशीर्वाद दिला, रोजच्यापेक्षा लांब. तिने विचारलं काय झालं. काही नाही म्हटलं.

मी ते केलं. मीच फेडणार. दुसरं कोण?

रविवार, ७ डिसेंबर

कुंदनला पहिल्या पंगतीत बसवलं. त्या ताटाशेजारी मी बसलो, पोरांच्या रांगेत, मांडी घालून. पोरांना गंमत वाटली. ताट सुलटं केलं. शिरा वाढला, पापड ठेवला. दार उघडलं. बारूख हबा, बाळा. ये. जेव.

वारा आला. माझे हात थंड

सोमवार, ८ डिसेंबर

इंद्रजीत! दुधाच्या रांगेत! स्वेटरशिवाय, हाडांचा सापळा, पण तोच, तेच कान. गोदूबाईंना म्हणाला साय नको. ऑफिसात फोन वाजला, आभाताई होत्या, आज सोमवार असूनही, उगाच आठवण आली म्हणून. मी बाहेरून त्यांचा आवाज ऐकला. देवा, तुझे उपकार.

मी त्याला हाक मारली. तो माझ्या अंगावरून पुढे गेला.

बुधवार, १० डिसेंबर

खोलीला कुलूप. चौकटीवर मेझुझा नाही. खिळ्यांची भोकंसुद्धा नाहीत.

देवस्थळी फोनवर कोणाला तरी सांगत होते, की दिवाळीपासून गृहपालाची जागा रिकामी आहे, लवकर माणूस हवा. मी त्यांच्या समोर उभा होतो. मी टेबलावर हात आपटला—

पंगतीच्या वेळी पाय आपोआप त्या जागेकडे वळतात. गोदूबाई पालथं ताट मांडतात, माझ्या पुढ्यात. वरून वाढप जातं.

शुक्रवार, १२ डिसेंबर

एफ्रातचा फोन आला नाही. मी लावला. कोण, म्हणाली. बाबा, म्हटलं. ती म्हणाली, काका, तुमचा नंबर चुकला, माझे वडील केव्हाच गेले. आवाज बथशेबासारखा. ठेवायच्या आधी थांबली आणि विचारलं, काका, तुम्ही जेवलात ना?

मग फोनची बॅटरी—

शनिवार

आज शब्बाथ आहे. मी लिहितोय. क्षमा कर. लिहिलं नाही तर माझं नाव— सॉल चेऊलकर. सॉल चेऊलकर.

भूक. अशी भूक असते हे माहीत नव्हतं. पोटात नाही, सगळीकडे. आज माझाच हात ताटाच्या काठावर, खालून, वाजायला लागला. टक-टक—

इंद्रजीत पुन्हा शेवटी बसतो. माझ्या शेजारी. त्याची ती जागाच आहे. आज घास घेता घेता थांबला, ताटाकडे पाहिलं. पापडाचा तुकडा मोडून काठाशी ठेवला. गोदूबाई ओरडल्या, "त्याला हात नाय लावायचा!"

त्या तुकड्याचा वास दिवसभर—

मंगळवार?

नवा गृहपाल आला. सत्यजीत. तरुण आहे, हसरा. लहानांशी उकिडवा बसून बोलतो. कढत पाण्याचं विचारलं. भला माणूस आहे. देवा, भला माणूस आहे—

गोदूबाईंना विचारलं, हे ताट पालथं का?

रविवार

शिरा केलाय. तुपाचा वास. तो परात घेऊन येतोय, स्वतः वाढत. पोरांना सांगतोय, आपल्याकडे कोणी उपाशी राहायचं नाही. दाराची कडी काढली.

इंद्रजीत ऊठ. इंद्रजीत, ऊठ तिथून— ऐकत नाही— हसतोय, पापड हातात—

सत्यजीतने ताटाला हात लावला. मी खालून धरलंय. दोन्ही हातांनी. एका हाताने लिहि— नाही, सुटेल— धरलंय. तो म्हणतोय चिकटलंय वाटतं. जोर लावतोय. नको रे बाबा, नको. आभाताई—

काठ उचलला गेला. उजेड. वास— एवढासा घास मिळाला तरी— नाही. नाही. धरलंय. सोडणार नाही. मला फार भू