उजवी कळी

अप्पा,

काल भोरहून तिचा फोन आला. चौथीत माझ्या शेजारी बसायची ती, खालच्या बौद्धवाड्यातली. आता तिला नातवंडं आहेत. इकडचं तिकडचं काही न बोलता तिनं विचारलं, "तू देवळात व्हतीस ना गं तवा? देवानं खरंच आमचं नाव घेतलं व्हतं का?" उत्तर येत नसेल तर उभी राहा, असं मी वर्गात पोरींना जन्मभर सांगत आले. काल मीच मोबाईल कानाला लावून उभी होते.

कोयनेच्या भूकंपाची ती सकाळ. पहाटे भिंती हलल्या, आपली मागची पडवी बसली, विहिरीचं पाणी गढूळ झालं. दिवस वर आला तोवर सगळा गाव देवळाच्या आवारात. खालच्या वाड्यानं देव नदीत सोडले, जत्रेत वाजवायला येणं बंद केलं, म्हणून धरणी कोपली, असं कुणीतरी बोललं आणि ते सगळ्यांना पटलं. "गुरव, कौल लावा. आता देवच सांगंल." तुम्ही म्हणालात, "आज नगं. आज कुनाचंच मन थाऱ्यावर न्हाई." "गुरवच देवाला भ्याला की रं!" लोक हसले. त्या हसण्यापुढे तुम्ही हरलात.

तुम्ही पाटावर बसता, डोळे मिटता. देवाच्या दोन्ही खांद्यांना ओल्या कळ्या चिकटवल्या आहेत. खालच्या वाड्यामुळंच धरणी कोपली का, असं विचारलंय; उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. मी गाभाऱ्याच्या दगडी उंबऱ्यावर अनवाणी उभी आहे. बाहेर नुसता कालवा. आणि उंबरा माझ्या तळपायाखाली बारीक थरथरतो, टांगलेला दिवा साखळीसकट हलतो. मग उजवी कळी पडते. तुमचे डोळे अजून मिटलेलेच. मीच ओरडते, "उजवी पडली!" कुणीतरी माझी पाठ थोपटतं, "गुरवाच्या पोरीचा डोळा घारीचा हाय!" अप्पा, मला तेव्हा फार बरं वाटलं होतं.

दुपारपर्यंत लोकांनी खालचा वाडा पेटवला. ती भावंडांबरोबर रानात पळाली. तिची आजी अंथरुणाला खिळलेली होती, ती आतच राहिली. तुम्ही कळशी घेऊन धावलात, पण वाटेतच चौघांनी तुम्हाला धरून ठेवलं. "सोडा रं, म्हातारी आत हाय!" हे तुमचं ओरडणं मी घरात चुलीपाशी बसून ऐकलं.

त्यानंतर तुम्ही कधी कौल लावला नाहीत. मी कॉलेजातून सुट्टीला यायची, तेव्हा जेवताना मध्येच थांबून तुम्ही स्वतःच्या अंगठ्याकडे बघत बसायचात. "म्या कळी सैल लावली," एवढंच. शेवटच्या आजारातही तेच. मी तोवर शाळेत भूगोल शिकवत होते. मोठ्या धक्क्यानंतर लहान धक्के येत राहतात, हे दर वर्षी फळ्यावर लिहीत होते. कळी तुम्ही नीटच लावली होती, जमीन हलली म्हणून ती पडली, हे एकदा सांगितलं असतं तर तुम्ही निदान चार घास सुखानं खाल्ले असते. पण मग तुम्ही विचारलं असतंत, "तुला कळलं व्हतं, तर वरडलीस कशापायी, बाय?" त्या एका प्रश्नाला भिऊन मी तुम्हाला तसंच जाऊ दिलं. तुम्ही गेल्यावरही तो प्रश्न गेला नाही. शिकवणं संपलं, तुमचं देऊळ नवं झालं, त्यात फरशी बसली, पण माझ्या तळपायाखाली अजून तोच उंबरा आहे.

काल मी तिला म्हणाले, "मला आठवत नाही."  ती म्हणाली, "व्हय गं, लई ल्हान व्हतो आपुन," आणि माझ्याच गुडघेदुखीची चौकशी करू लागली.

तुम्हाला लिहिणं सोपं, तुम्हाला आता पत्ता नाही. तिला आहे. आत्ता हेच कागद घालायला पाकीट काढलं, त्यावर तिचं नाव लिहिलं, भोर लिहिलं, आणि पाकीट पालथं करून ठेवलं.