कबरीच्या कलेजीतली भट्टी

बा, तू सकाळी उठला की आधी कबरीच्या मानेखाली खाजवायचा, मग मले हाक द्यायचा. बकरीवर कोणी जळते का? मी जळत होतो. सातवीत शाळा सुटलेला, अठरा वर्षांचा घोडा. मुलचेऱ्याच्या आपल्या अंगणात कोणी आलं की तू सांगे, "हिच्या कलेजीत भट्टी हाय. कोणताई पाला टाका, जाळून टाकते. आमच्या पोराले तं बरबटीची उसळबी पचत नाई." लोक हसत. मीबी हसे.

आता मी हैदराबादेत मटणाच्या दुकानात हाये. रोज कलेजी हातात येते, गरम, गुळगुळीत, अन् तुझी भट्टी आठवते. एक गिऱ्हाईक जनावरांचे डॉक्टर आहेत, त्यांना विचारलंच. ते म्हणाले, तुझा बाप खरं बोलत होता. झाडाला पळता येत नाही, म्हणून ते पानात जहर भरते. ज्यांच्या कलेजीत ते जहर तोडणारं एंझाइम होतं ती जनावरं जगली, त्यांची पिल्लं जगली. झाडांनी नवं जहर काढलं, की कितीतरी पिढ्यांनी कलेजीतही त्यावर तोड निघाली. लाखो वर्षं हेच चालू. "माणसातही आहे रे, पण बकरीएवढं नाही." सुरी हातात धरून मी पुन्हा जळलो. तिच्यासाठी लाखो वर्षं तिचे पूर्वज खपले. अन् वरून तूबी तिचाच.

तो दिवस आठवते? कबरी कुंपणाशी उभी आहे, तोंडाला रुईचा चीक. तू धावत येतो, तिचं पोट दाबून पाहतो. ती निवांत रवंथ करते. "पाह्य, रुईबी पचवली माह्या बाईनं!" मी तिथंच एक पान तोडून चावलं, गिळलं. तोंड जळालं, मग ओकाऱ्या. "तू का बकरी हायेस का बे?" म्हणत तू मले खांद्यावर टाकलं अन् दवाखान्यापर्यंत पळत नेलं. तुझ्या सदऱ्याले तिचाच वास. तुझ्या पाठीवर ओकत होतो, पण सुखात होतो. ती घरी बांधलेली होती.

सिस्टरबाईले तू सांगितलं, "बकरीचं पाहून खाल्लं जी यानं." मी मान हालवली. तू मरेपर्यंत तेच खरं राहू देल्लं. आज कलेजी बांधायच्या कागदावर लिहून राह्यलो, अन् हा कागद कोणत्या टपालपेटीत टाकू?

कबरीनं रुई आपल्या मनानं नव्हती खाल्ली, बा. गुळाचं पाणी शिंपडून मीच चारली होती. मरावी म्हणून.