डाव्या ब्रेकची गाडी

मी खाली सही करणार, वय वर्षे एकाहत्तर, धंदा एकेकाळी परदेशी मोटारींची आयात, डोके पूर्ण ठिकाणावर असताना (मेव्हण्याचे मत निराळे असेल, ते ग्राह्य धरू नये), कोणाच्याही दडपणाखाली न येता माझ्यामागची ही व्यवस्था लिहून ठेवीत आहे. आधीचे कागद रद्द समजावेत.

१. गाळा व त्यामागची मोकळी जागा मुलीस मिळावी. तिला तिथे पुन्हा स्वस्त परदेशी गाड्या आणायच्या आहेत, या वेळी विजेवरच्या. "बाबा, तुम्ही फक्त हो म्हणा," असे ती रोज म्हणते. माझ्याने हो म्हणवत नाही आणि नाहीही म्हणवत नाही.

२. तिने आधी हे वाचावे. शिक्षकाला, शिंप्याला परवडेल अशी चारचाकी आणायची, एवढाच माझा हट्ट होता. जहाज समुद्रात असतानाच नियम बदलला: डाव्या स्टीअरिंगच्या गाड्या चालणार नाहीत. बंदरातले साहेब म्हणाले, "धीर धरा, नियम परत बदलेल." बदलला. तोवर खाऱ्या वाऱ्याने गाड्यांची चाळण केली होती. वरातीमागून घोडे. अजून आठवले की तळपायाची आग मस्तकात जाते.

३. गंजलेली सर्व बॉनेटे मेव्हण्यास. "आमचे दाजी गंज आयात करतात," असे त्याने मुलीच्या लग्नात व्याह्यांना सांगितले होते. आता माल त्याने स्वतःच्या अंगणात ठेवावा.

४. हत्यारे मेकॅनिकला. वाचलेल्या एकुलत्या एक गाडीचे स्टीअरिंग, नियम परत बदलायच्या आधीच, त्यानेच उजवीकडे आणले. डावीकडचा ब्रेक काढायचा मात्र राहून गेला, आणि तो अजून लागतो.

त्या ब्रेकपाशी माझी बायको जन्मभर बसली. साहेबांशी भांडायला मी बंदराकडे गाडी वळवली की ती पाय दाबायची. "आज नको. घरी चला, जेवून घ्या." मी चिडायचो, तोंडाचा पट्टा सोडायचो, पण परत फिरायचो. ती शेजारी नसती तर हा कागद तुरुंगातून लिहावा लागला असता.

५. राहते घर व बँकेतली शिल्लक बायकोस. गाडी मायलेकी दोघींची. तो ब्रेक कोणीही काढू नये. परवान्यासाठी मुलगी बंदराकडे निघेल तेव्हा तिने आईला डावीकडे बसवावे. आईने ब्रेक दाबला, तर मुकाट घरी यावे. नाही दाबला, तर माझेही हो समजावे.

साक्षीदार: शेजारचा शिंपी (सही). घरचे डॉक्टर (सही).
मेव्हणा साक्षीला तयार होता, घेतला नाही.

लिहून ठेवणार: सही
ठिकाण: गाळ्यामागची खोली
दिनांक: बारा जून. आजपर्यंत तरी आयातीचा नियम तोच आहे.